संगणकातला पहारेकरी

मागच्या सत्राअखेरची गोष्ट. सहावीचे गुण संगणकात भरता भरता शेजारी उघडलेले इंटरनेटचे पान अडकले. कितीही क्लिक केले तरी ते मिटेना. वैतागून आम्ही सरळ बटण दाबून संगणकच बंद केला. पुन्हा सुरू केला तेव्हा ध्यानात आले की अडकले होते ते एक पान, पण तासाभराचे, सेव्ह न केलेले गुण आम्ही आमच्याच हाताने घालवले. घरी हे सांगितले तर नववीतले चिरंजीव म्हणाले, "अब्बा, टास्क मॅनेजर उघडायचा ना!"

मुलाकडून शिकण्यात कसली लाज? शिकलो ते वाचकांनाही सांगतो.

संगणकात एकाच वेळी शेकडो लहानमोठी कामे चालू असतात. त्यांना प्रोसेस म्हणतात. कोण किती मेमरी खाते, कोण अडकले, यावर ऑपरेटिंग सिस्टिम नजर ठेवते. विंडोजमध्ये एखाद्या खिडकीने पाच सेकंद प्रतिसाद दिला नाही, तर ती अडकली असे समजले जाते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात अडकलेले काम निवडून 'एंड टास्क' करावे. त्या कामातले सेव्ह न केलेले जाते, बाकीची कामे शाबूत राहतात. मात्र अनोळखी नावाच्या प्रोसेसला हात लावू नये.

मोठ्या सर्व्हरसमोर रात्रंदिवस माणूस बसत नाही. तिथे पहारेकरीही प्रोग्रामच असतो. बहुतेक लिनक्स संगणकांत हे काम सिस्टिमडी करतो. एखादी सेवा बंद पडली तर, तशी सूचना दिलेली असल्यास, तो ती पुन्हा उठवतो. पण दहा सेकंदांत पाचदा सुरू करूनही ती पडली, तर तो थांबतो. हा हिशेब बदलता येतो. पडणाऱ्याला नुसते उठवत राहिल्याने दुखणे बरे होत नाही, हे त्यामागचे शहाणपण.

याचा मोठा दाखला मंगळावरचा आहे. ४ जुलै १९९७ रोजी नासाचे पाथफाइंडर यान तिथे उतरले. काही दिवसांतच त्याचा संगणक आपोआप रीसेट होऊ लागला. एक महत्त्वाचे काम वेळेत पुरे होत नाही, हे यानातल्या देखरेखीच्या प्रोग्रामला दिसे आणि तो सगळे नव्याने सुरू करी. यान वाचे, पण त्या दिवसाचे उरलेले काम दुसऱ्या दिवसावर जाई. अभियंत्यांनी पृथ्वीवरच्या तशाच यंत्रावर तोच बिघाड घडवून पाहिला. तेव्हा कारण सापडले. हवामानाची नोंद घेणाऱ्या दुय्यम कामाने सामाईक साधन धरून ठेवले होते, मधल्या दर्जाची कामे त्याला पुढे सरकू देत नव्हती आणि ते महत्त्वाचे काम ताटकळत होते. एक सेटिंग बदलून दुरुस्ती मंगळावर पाठवली गेली आणि रीसेट थांबले.

म्हणून घरचा संगणक रोज अडकत असेल, तर रोज बंद-चालू करून भागवू नका. टास्क मॅनेजरमध्ये दर वेळी कोणाचे नाव वर दिसते, ते आठवडाभर वहीत लिहा. दुरुस्तीवाल्याला ती वही दाखवा. आम्ही शाळेत तशी वही ठेवली आहे. तिच्या पहिल्या पानावर मुलांनी मोठ्या अक्षरांत लिहिले आहे : 'सर, आधी सेव्ह करा!'