जुन्या पेठांतली नवी जपानी कारागिरी

जपानमधली समकालीन कला आणि कारागिरी गेल्या पाव शतकात संग्रहालयांच्या दालनांतून बाहेर पडून जुन्या वस्त्यांत शिरली आहे. कानाझावाच्या चहाघरांत, तोयामाच्या इवासे बंदरातल्या जहाजमालकांच्या वाड्यांत, क्योतोच्या चिंचोळ्या व्यापारी घरांत आणि नाओशिमा बेटावरच्या होनमुरा गावात ती आता नियमाने मांडली जाते. टोकियोच्या यानाका भागात तर शतकानुशतके चाललेल्या एका सार्वजनिक स्नानगृहाचे १९९३ मध्ये कलादालन झाले आणि त्याची कौले व धुराडे तशीच ठेवली गेली. हे घडले त्याला दोन इतिहास कारणीभूत आहेत, एक वस्तूंचा आणि दुसरा घरांचा.

वस्तूंचा इतिहास एका फाळणीपासून सुरू होतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जपानमध्ये चित्र, पडदा, चहाचा कटोरा आणि तलवारीची मूठ यांची उच्च कला आणि हस्तकला अशी वर्गवारी कोणी करत नव्हते. १८७३ च्या व्हिएन्नातल्या जागतिक प्रदर्शनात जपानचे सरकार सहभागी झाले आणि युरोपातली वर्गवारी देशात आली. १९०७ मध्ये सरकारी वार्षिक कलाप्रदर्शन सुरू झाले. त्यात चित्र आणि शिल्प यांना जागा होती, कारागिरीला नव्हती. ती मिळायला १९२७ साल उजाडले. त्याच सुमारास विचारवंत यानागी सोएत्सु अनाम कारागिरांच्या रोजच्या वापरातल्या भांड्यांची थोरवी सांगत होते. युद्धानंतर १९४८ मध्ये क्योतोतल्या तरुण कुंभारांनी सोदेइशा हा गट काढला आणि त्यांच्यापैकी यागी काझुओ यांनी १९५४ मध्ये चाकावरच्या नळ्यांपासून अशी वस्तू घडवली, जिचा भांडे म्हणून काहीही उपयोग नव्हता. सरकार दुसऱ्या दिशेने निघाले होते. १९५५ पासून पारंपरिक कौशल्यांच्या धारकांना मान्यता देण्याची पद्धत पडली. लोक त्यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ म्हणतात.

या साऱ्या धडपडीतून कारागिरीला संग्रहालयाचा पांढरा चौथरा मिळाला. मान वाढला, पण घरातली जागा हरवली. जपानी बैठकीच्या खोलीत तोकोनोमा नावाचा एक उथळ, किंचित उंच कोनाडा असतो. त्यात एक लांबट चित्र, एक फुलदाणी, ऋतूप्रमाणे बदलणारी एखादी वस्तू, इतकेच ठेवायचे. पाहणारा तातामीच्या चटईवर बसलेला, म्हणून त्याची नजर खाली. प्रकाश बाजूने, कागदी सरकदारांतून गाळून आलेला, अंगणातून उसळून छतावर पडलेला. उरुशी झाडाच्या चिकाचे थरावर थर चढवून केलेले काळे भांडे किंवा सोन्याचा वर्ख लावलेला पडदा अशाच मंद प्रकाशासाठी घडत गेला. दालनातल्या विजेच्या झोतात सोने पिवळे आणि सपाट दिसते. अंधाऱ्या खोलीच्या आतल्या टोकाला तेच सोने दारातून आलेला थोडासा उजेड धरून ठेवते. जुन्या घरात मांडलेली नवी वस्तू अधिक बोलकी होते ती या कारणाने, आणि त्यात जुन्याच्या मोहाचा भाग फार थोडा आहे.

घरांचा इतिहास कायद्याचा आहे. कानाझावा शहर दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांतून वाचले आणि १९६८ मध्ये त्याने जुन्या वस्त्यांच्या रक्षणासाठी स्वतःचा स्थानिक नियम केला. देशाच्या १९५० च्या सांस्कृतिक वारसा कायद्यात १९७५ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हा एकेका वास्तूऐवजी सबंध वस्ती जपण्याची तरतूद आली. पुढच्याच वर्षी त्सुमागो, शिराकावा-गोतले ओगिमाची, क्योतोतले गिओन-शिनबाशी अशा पहिल्या वस्त्या निवडल्या गेल्या. हे रक्षण मुख्यतः रस्त्यावरून दिसणाऱ्या भागाचे आहे. जाळीच्या खिडक्या, कौले, उंची आणि रंग जपावे लागतात. आतल्या खोल्यांचे काय करायचे ते बहुतांशी मालकावर सोपवलेले असते. म्हणजे दर्शनी भाग कायद्याने वाचतो आणि आत राहणारे माणूस मात्र निघून जाऊ शकते. जिथे असे संरक्षण नाही, तिथे घरच जाते. क्योतोत २०१६ च्या पाहणीत माचिया, म्हणजे चिंचोळ्या व्यापारी घरांच्या प्रकारची, सुमारे ४०,००० जुनी घरे उरली होती आणि वर्षाला शेकड्यांनी ती कमी होत होती. रिकाम्या होत चाललेल्या या घरांना प्रदर्शनांनी एक काम दिले. क्योतोत २०१३ पासून दर वसंतात भरणारा क्योतोग्राफी हा छायाचित्रांचा महोत्सव अशा घरांत आणि देवळांत मांडला जातो.

या साऱ्या प्रयत्नांत सगळ्यात जास्त विचारपूर्वक झालेले काम नाओशिमाचे. सेतो अंतर्गत समुद्रातल्या या छोट्या बेटावर १९१७ पासून तांबे शुद्ध करण्याचा कारखाना आहे आणि तरुण माणसे बेट सोडून गेल्याने होनमुरातली घरे बंद पडत होती. बेनेस्से कंपनीच्या कलाप्रकल्पाने १९९८ मध्ये तिथले सुमारे दोनशे वर्षांचे काडोया हे घर दुरुस्त केले. भिंतींना चुन्याचा गिलावा आणि जाळून काळ्या केलेल्या सीडरच्या फळ्या आल्या, छपरावर जुन्या पद्धतीची कौले चढली. मियाजिमा तात्सुओ यांनी आतल्या अंधारात पाण्याचा हौद केला आणि त्यात आकडे मोजणारे १२५ दिवे सोडले. प्रत्येक दिवा एक ते नऊ मोजतो, शून्य दाखवत नाही. कोणता दिवा किती वेगाने मोजेल हे ठरवले बेटावरच्या १२५ रहिवाशांनी. त्यांत पाच वर्षांची मुले होती आणि पंचाण्णव वर्षांचे वृद्धही. या एका निर्णयाने परक्या कलावंताचे काम गावाच्या मालकीचे झाले. आपला दिवा पाहायला लोक येऊ लागले, मग पाहुण्यांना वाट दाखवू लागले.

पुढची घरे एकेक करून आली. २००२ मध्ये सुगिमोतो हिरोशी यांनी गोओ देवस्थानाची पुनर्बांधणी केली. गाभाऱ्यातून काचेच्या पायऱ्या जमिनीखालच्या दगडी खोलीत उतरतात आणि दिवसाचा उजेड त्यांच्यावाटे खाली पोचतो. कारागिरीच्या दृष्टीने पाहता गोकाइशो हे घर अधिक मोलाचे आहे. इथे पूर्वी गावकरी गो हा पटावरचा खेळ खेळायला जमत. सुदा योशिहिरो यांनी २००६ मध्ये जुळ्या खोल्यांपैकी एकीत चटईवर कॅमेलियाची फुले विखरून ठेवली. ती लाकडात कोरून रंगवलेली आहेत. बाहेरच्या छोट्या बागेत खरे कॅमेलियाचे झाड आहे. पाहणारा दोन्हींकडे आळीपाळीने पाहत राहतो आणि कोरणाऱ्या हाताचे सामर्थ्य त्याला कोणी न सांगता कळते. इतके थोडे मांडण्याचे धैर्य फार कमी प्रदर्शनांत असते.

नाओशिमाचा हा प्रकल्प सुरुवातीच्या काळात सांभाळणारे अकिमोतो युजी २००७ मध्ये कानाझावाच्या एकविसाव्या शतकातील समकालीन कला संग्रहालयाचे संचालक झाले आणि दहा वर्षे तिथे राहिले. कानाझावा ही माएदा सरदारांनी शतकानुशतके पोसलेल्या कारागिरीची राजधानी. जपानमधला जवळपास सगळा सोन्याचा वर्ख इथे कुटला जातो, त्याची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतकी. युनेस्कोने २००९ मध्ये या शहराला कारागिरीचे सर्जनशील शहर म्हटले आणि २०२० मध्ये राष्ट्रीय कारागिरी संग्रहालय टोकियोहून इथे हलले. त्याच वर्षी अकिमोतो यांच्या कलादिग्दर्शनाखाली होकुरिकू प्रदेशात ‘गो फॉर कोगेई’ (कोगेई म्हणजे कारागिरी) हा उपक्रम सुरू झाला. २०२१ मध्ये तो देवळे आणि देवस्थानांच्या आवारांत होता. २०२४ मध्ये तो कानाझावाच्या हिगाशियामा भागात आणि इवासेत, म्हणजे दोन जुन्या वस्त्यांत मांडला गेला.

हिगाशियामातली चहाघरांची वस्ती १८२० मध्ये सरदारांच्या परवानगीने वसवली गेली. गाणे आणि नाच माडीवर होत, म्हणून माडी उंच, आणि बैठकीच्या भिंती गडद लाल. अशा भिंतीसमोर वस्तू ठेवणे सोपे नसते. फिकट पोर्सेलिन तिथे उठून दिसते, तर रंगीत काच बुजून जाते. खिळा ठोकता येत नाही, चटईला ओझे सोसत नाही, लाकडी घराला आगीचे भय कायम आणि हवेतला दमटपणा आवरता येत नाही. या अडचणींतूनच मांडणाऱ्याला निवड शिकावी लागते, आणि चांगल्या प्रदर्शनांत ती दिसते.

तरीही या चळवळीची खरी कसोटी मांडणीत नाही. जपानी कारागिरी बहुधा एका माणसाच्या कोठीत पुरी होत नसे. क्योतोच्या निशिजिन भागात रेशमी पट्ट्याचे कापड विणायला नक्षी आखणारा, सूत रंगवणारा, सोनेरी धागा करणारा आणि विणकर अशी अनेक घरे लागतात. नोतो द्वीपकल्पातल्या वाजिमाचे उरुशीकाम तर शंभराहून अधिक पायऱ्यांचे आहे. लाकूड कातणारे, खालचे थर देणारे, वरचा लेप चढवणारे आणि सोने भरणारे वेगवेगळे. वस्ती हाच कारखाना होता. १ जानेवारी २०२४ च्या नोतो भूकंपात आणि त्यानंतरच्या आगीत वाजिमाच्या सकाळच्या बाजाराची पेठ जळाली, तेव्हा माणसांबरोबर आणि घरांबरोबर कामांची ही साखळीही तुटली. सरकारने मान्य केलेल्या पारंपरिक कारागिरीच्या प्रकारांची संख्या २४० हून अधिक आहे, पण त्यांचे एकूण उत्पादन १९८० च्या दशकातल्या शिखराच्या सुमारे पाचव्या भागावर आले आहे. ज्या पेठेत घडवणारा राहत नाही, तिथे प्रदर्शन कितीही देखणे असले तरी ते पाहुणेच राहते.

हिगाशियामाला हा धोका आहे. २०१५ मध्ये शिनकानसेन ही अतिवेगवान रेल्वे कानाझावापर्यंत आली आणि गल्ल्यांत वर्ख लावलेले आइस्क्रीम विकणारी दुकाने गर्दी खेचू लागली. शहराने १९८९ पासून जवळच्या उतात्सुयामा टेकडीवर कुंभारकाम, उरुशी, रंगाई, धातू आणि काच या पाच शाखांची प्रशिक्षणशाळा चालवली आहे. तिथून बाहेर पडणाऱ्या तरुणांना परवडेल अशी जागा याच जुन्या वस्त्यांत मिळवून देणे हे महोत्सवाइतकेच महत्त्वाचे काम आहे. इवासेत त्याची सुरुवात दिसते. सागरी व्यापार संपल्यावर ओस पडलेल्या या बंदरात मासुदा र्‍युइचिरो या साके बनवणाऱ्या घराण्याच्या प्रमुखांनी जुनी घरे आणि गुदामे दुरुस्त करून काचकार, कुंभार आणि आचारी यांना तिथे आणून बसवले. तोयामा शहरात १९९१ पासून काचकलेची संस्था असल्याने काचकारांची उणीव पडत नाही. गुदामात भट्टी, शेजारच्या घरात त्या भट्टीतले पेले आणि पलीकडे त्या पेल्यांत ओतली जाणारी साके, इतक्या जवळ हे सारे आहे. महोत्सव शरद ऋतूतले काही आठवडे चालतो. इवासेतले कारागीर मात्र बाराही महिने तिथेच काम करतात.