दुकान पाहावे मांडून

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे वाडवडील सांगून गेले. त्यात माझी एक भर : दुकान पाहावे मांडून, आणि तेही वयाच्या बारा वर्षांच्या आत! हा विचार बोलून दाखवताच आमच्या घरातून प्रश्न आला, "म्हणजे पोरांना काय वाणी करायचंय?" मुळीच नाही. पण आपली मुले आता फोनवर बोट टेकवतात आणि पिशवी दारात येते. वस्तू दिसते, किंमत दिसते. मधला माणूस दिसत नाही. तो दिसावा, एवढीच माझी इच्छा.

धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा तालुक्यात सोनारी हे काळभैरवनाथाचे गाव आहे. चैत्रात तेथे यात्रा भरते आणि माकडांचा मुक्काम तर बारमाही! भाचरांना घेऊन तेथे गेलो, तेव्हा दर्शनानंतर त्यांना एक काम दिले : एका दुकानासमोर दहा मिनिटे उभे राहायचे आणि काय कोठे ठेवले आहे ते सांगायचे. खेळणी मुलांच्या डोळ्यांसमोर, गुलाल हाताशी, जड पोती खाली, गल्ला मालकिणीच्या मांडीशी. "पण मावशी, नारळ मागं का हो?" भाचीने विचारले. मावशी हसल्या. "बाळ, हे दुकान आम्ही न्हाई मांडलं, माकडांनी मांडलंय!"

दुकानाच्या मांडणीमागे कारण असते, हे मुलांना असे कळले. मग पाळी आली हिशेबाची.

मी त्यांना एक गणित घातले. वीस रुपये किलोने 10 किलो टोमॅटो घेतले; गाडीभाडे 20 रुपये; एक किलो माल नासला. आता भाव काय लावाल? भाचा म्हणाला, "बावीस!" वहीत मांडून पाहिले, तर 220 रुपये खर्च आणि विकायला 9 किलो. चोवीस रुपयांनी विकले तरी 4 रुपयांचा तोटा. पंचवीसने विकले, तर नफा अवघा 5 रुपये! त्यात दिवसभर उन्हात बसल्याची मजुरी धरलेलीच नाही. तेव्हापासून भाजीवालीशी दोन रुपयांसाठी घासाघीस करताना हा मुलगा माझ्याकडे रोखून पाहतो.

आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांतून बालआनंद मेळावे भरतात. मुले भाजी, भेळ, चहा विकतात. उपक्रम छान! पण भेळ आईने केलेली, भाव आईने सांगितलेला आणि चुरमुऱ्यांचे पैसे बाबांचे. मग आलेली सगळी रक्कम म्हणजे नफा, अशी मुलाची समजूत होते. त्याला आधी चुरमुऱ्यांचे पैसे बाबांना परत करू द्या. उरेल तो नफा, आणि न उरला तर तोही धडाच.

आणखी दोन गोष्टी दाखवण्यासारख्या आहेत. एक म्हणजे तराजू. वजनांवर सरकारी ठसा असतो. लोखंडी वजने दर दोन वर्षांनी, तर विजेचा काटा दरवर्षी तपासून घ्यावा लागतो. दुसरी, उधारीची वही. आमच्या दुष्काळी मुलखात पीक हाती येईपर्यंत कित्येक घरांची चूल या वहीवर चालते. दुकानदाराने ती मिटली, तर घरे अडतात. उघडीच ठेवली, तर तो स्वतः बुडतो. या दोहोंच्या मध्ये त्याला रोज उभे राहावे लागते. कोणाला किती द्यायचे, हे पुस्तकात लिहिलेले नसते; त्यासाठी माणूस ओळखावा लागतो.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मुलांना घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानी वहीपूजनाला जरूर जा. नव्या वहीच्या पहिल्या पानावर "श्री" असतो. मागच्या वर्षीची वही मात्र शेजारी जाडजूड होऊन पडलेली असते. दुकानदाराची परवानगी असेल, तर मुलांना ती हातात धरून पाहू द्या.