माशांच्या टाकीचा एलईडी लाईट: उजेड कमी विका, भरवसा जास्त विका



नांदेड-लातूरकडून एलईडी बल्बचं ट्रेनिंग घेतलेल्यांचा एकच प्रश्न सारखा येतो: "सर, बल्ब बनवायला जमला, पण विकायचा कुणाला?"

प्रश्न खरा आहे. २०१५ मध्ये सरकारची उजाला योजना आली. सरकारी खरेदीत २०१४ साली जो बल्ब ३१० रुपयांना पडत होता, तो पुढच्या दोन-तीन वर्षांत ३८ रुपयांवर आला. घराघरात ९ वॅटचा बल्ब ७० रुपयांत पोचला. ग्राहकाचं भलं झालं, पण घरी बसून ५० बल्ब जोडणाऱ्या माणसाचा मार्जिन संपला. आता नांदेडचं वजिराबाद असो की लातूरची गंजगोलाई, मोठ्या कंपनीच्या बल्बशी तुम्ही भावात लढू शकत नाही. आणि लढूही नका.

मग काय करायचं? एक माल असा आहे जो मापाप्रमाणे लागतो, ज्याला लावून द्यायला माणूस लागतो आणि जो बिघडला तर गिऱ्हाईक तुमच्याकडेच परत येतं: घरातल्या माशांच्या टाकीचा लाईट. या आठवड्याच्या व्हिडिओत तो बनवून दाखवलाय. इथे मला त्यामागचं माझं मत सांगायचंय, कारण या धंद्यात दोन गोष्टी मला पटत नाहीत.

पहिली गोष्ट: बल्बची प्लेट टाकीवर लावू नका

ट्रेनिंगला जी डीओबी प्लेट मिळते, ती स्वस्त असते, हाताशी असते, म्हणून पुष्कळ जण तीच उघडी काढून टाकीच्या झाकणाला चिकटवतात. हे बंद करा. डीओबी म्हणजे ड्रायव्हर त्याच प्लेटवर. त्यात ट्रान्सफॉर्मर नसतो, म्हणजे घरातली २३० व्होल्टची लाईन आणि एलईडी यांच्यात आडपडदाच नसतो. बल्बमध्ये वरचं प्लास्टिक तुम्हाला वाचवतं. ते काढलं की काय राहिलं? खाली पाणी, वर वाफ, झाकण उघडून दाणे टाकणारा लहान पोराचा ओला हात. पन्नास-शंभर रुपये वाचवण्यासाठी कुणाच्या घरात हा धोका बसवायचा अधिकार आपल्याला नाही.

जगभर ही गोष्ट वेगळी धरतात. दिव्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयईसी ६०५९८ मध्ये, माशांच्या टाकीच्या दिव्यांना स्वतंत्र भागच दिलाय, २-११. साध्या दिव्याचे नियम तिथे पुरत नाहीत म्हणूनच ना?

आपला नियम साधा ठेवा: टाकीच्या वर १२ व्होल्टच जाईल, २३० व्होल्ट भिंतीपाशीच थांबेल.

दुसरी गोष्ट: "जास्त उजेड" हे विकू नका

दुकानात एक सवय आहे. गिऱ्हाईक आलं की सगळ्यात झगमग लाईट लावून दाखवायचा. गिऱ्हाईक खूश, घरी नेतं, आणि काही आठवड्यांत काच हिरवी. मग फोन: "सर, पाणी खराब झालं." पाणी खराब नव्हतं, उजेड जास्त होता. माशांच्या विष्ठेतून पाण्यात खत तयार होतंच, त्यावर दिवसाचे १२-१४ तास उजेड पडला की शेवाळ धरणारच. मग काच घासा, अर्धं पाणी फेका, नवीन भरा.

आता हे लातूरच्या माणसाला सांगून बघा. ज्या शहराला १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, दहा वाघिणींत साधारण पाच लाख लिटर, त्या शहरातल्या माणसाला बादलीची किंमत शिकवावी लागत नाही. नांदेडला गोदावरीचा, विष्णुपुरीचा आधार आहे, पण मे महिन्यात तिथली गृहिणी पण पाणी मोजूनच वापरते. म्हणून आपल्याकडे टाकीच्या लाईटची खरी जाहिरात "वीज वाचते" ही नाही. २० वॅटची ट्यूब काढून १० वॅटचा एलईडी रोज ८ तास लावला तर महिन्याला जेमतेम अडीच युनिट वाचतात. एवढ्यासाठी कुणी तुम्हाला हजार रुपये देणार नाही. "पाणी कमी वेळा बदलावं लागेल" यासाठी देईल.

दोन फुटी टाकी घ्या, २४ बाय १२ बाय १५ इंच. काठोकाठ भरली तर ७० लिटर, प्रत्यक्षात ६० च्या आसपास. दर आठवड्याला पाव पाणी बदललं तर १५ लिटर लागतं, आणि ते झाडांना घालता येतं, वाया जात नाही. शेवाळ झालं की हाच आकडा दुप्पट होतो. उजेड आवरला तर तो आवरतो.

मग करायचं कसं?

फ्लेक्स बोर्डवाले वापरतात ती १२ व्होल्टची, तीन-तीन एलईडीची पॅकबंद मॉड्यूल घ्या. पांढरा रंग, ६५०० केल्विनच्या आसपास. दोन फुटी टाकीला एक वॅटची ८ ते १० मॉड्यूल पुरतात. नुसते मासे असतील तर आठ, साधी झाडं असतील तर दहा. दहा मॉड्यूल म्हणजे १० वॅट, म्हणजे ०.८३ अँपिअर. त्याला १२ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर लावा, तो निम्म्याहून कमी लोडवर चालेल आणि तापणार नाही. मॉड्यूल अॅल्युमिनियमच्या चॅनलवर बसवा. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४२ च्या वर जातो, प्लास्टिकच्या पट्टीवर एलईडी टिकत नाही.

आता बारीक चार गोष्टी, ज्याचे खरे पैसे आहेत:

१. बोर्डवाले जो जाळीचा, उघड्या स्क्रूचा एसएमपीएस वापरतात तो घरात टाकीजवळ नको. त्याच्या स्क्रूवर २३० व्होल्ट उघडे असतात. बंद अडॅप्टर घ्या, बीआयएसचं चिन्ह आणि 'आर' ने सुरू होणारा नंबर बघा. तो नंबर बीआयएस केअर अॅपवर तपासता येतो.

२. वायर सॉकेटकडे सरळ नेऊ नका. सॉकेटच्या खाली झोल देऊन मग वर घ्या. वायरवरून ओघळलेलं पाणी झोलातून खाली टपकतं, सॉकेटमध्ये जात नाही.

३. टाकी चिकटवायचा, व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन उघड्या सोल्डरवर लावू नका, तो तांबं खातो. न्यूट्रल सिलिकॉन मागून घ्या.

४. टायमर द्याच. ६ ते ८ तास पुष्कळ झाले. पण चक्रीचा टायमर लाईट गेली की थांबतो, तीन तास लाईट गेली तर तीन तास मागे पडतो. आपल्या भागात बॅटरीवाला डिजिटल टायमरच बरा.

आणि टाकीच्या पॉइंटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का, हे गिऱ्हाइकाला विचारा. तुमचा लाईट १२ व्होल्टचा असला तरी हिटर आणि हवेचा पंप २३० वरच चालतात.

"सर, ऑनलाइन पाचशेला मिळतंय"

मिळू द्या. तो क्लिपचा लाईट ठरलेल्या मापाचा असतो. आपल्याकडे टाक्या काचवाला गिऱ्हाइकाच्या भिंतीप्रमाणे बनवून देतो: कुणाची अडीच फूट, कुणाची कोपऱ्यातली. तिथे तो लाईट बसत नाही, आणि बंद पडला तर फेकावा लागतो. तुमचा लाईट मापाचा आहे, एक मॉड्यूल गेलं तर एकच बदलायचं.

हिशोब असा मांडा. समजा माल ६०० रुपयांचा. तुमचे दोन तास, ३०० रुपये. वर्षभराच्या दुरुस्तीची तरतूद १००. हा झाला खर्च १०००. मग १२०० सांगायला लाजू नका. आकडे तुमच्या बाजारातले घाला, पण मजुरीचा रकाना रिकामा सोडू नका. आपला माणूस मालाचे पैसे मोजतो आणि स्वतःचे तास फुकट देतो, तिथेच धंदा बुडतो.

गिऱ्हाईक शोधायला जाहिरात नको. गावातले टाकी बनवणारे दोन काचवाले आणि मासे विकणारा एक दुकानदार गाठा. प्रत्येक टाकीमागे त्यांचा ठरलेला वाटा द्या, आणि शेवाळाची तक्रार आली तर स्वतः जा. जिथे तुम्ही जाता, तिथे दुसरा लाईटवाला शिरत नाही.

एक सावधगिरी. ऑर्डरप्रमाणे लावून देणं वेगळं आणि स्वतःच्या नावाचा डबा करून दुकानादुकानात ठेवणं वेगळं. एलईडीची बरीच उत्पादनं आणि त्यांचे ड्रायव्हर बीआयएसच्या सक्तीच्या नोंदणीत येतात. डबा छापायच्या आधी नियम विचारून घ्या.

हा काही लाखो रुपयांचा धंदा आहे असं मी म्हणणार नाही. इलेक्ट्रिकचं दुकान, मोटर रिवाइंडिंग किंवा मोबाईल रिपेअरिंग यांच्या जोडीला चालणारं हे काम आहे. पण यातून एक शिस्त लागते: माल मापाचा, वायरिंग सुरक्षित, आणि गिऱ्हाइकाला लागतं तेवढंच विकायचं. ती शिस्त पुढे कुठल्याही धंद्यात कामाला येते.

पहिला लाईट विकण्याआधी महिनाभर एका टाकीवर लावून ठेवा. चॅनल हाताला किती गरम लागतो, झाकणाखाली ओल कुठे साचते, काच किती दिवसांत हिरवी होते, हे वहीत लिहा. गिऱ्हाइकाशी बोलताना तीच वही तुमच्या कामाला येईल.

पुढच्या व्हिडिओत लाईट गेल्यावर हवेचा पंप बॅटरीवर कसा चालवायचा ते बघू. लाईट गेली की मासे उजेडावाचून मरत नाहीत, हवेवाचून मरतात. भेटू.