फुल स्लीव्ह टॅटू: डिझाइन ठरवण्याआधी त्वचेला विचारा

आपल्या आजीच्या कपाळावर किंवा हातावर गोंदलेले असायचे ते चार ठिपके, फार तर छोटे तुळशीवृंदावन. आता खांद्यापासून मनगटापर्यंत अख्खा हात भरून घेण्याची हौस शिरूर-दौंडच्या तरुणांतही दिसते. हौसेला आमचा विरोध नाही. मात्र एवढ्या मोठ्या टॅटूचे डिझाइन निवडणे ही केवळ आवडीची बाब नाही, तो आरोग्याचा आणि पोटापाण्याचाही निर्णय आहे.

टॅटूची शाई वरच्या त्वचेखालच्या थरात जाते. तिथल्या संरक्षक पेशी रंगाचे कण गिळून धरून ठेवतात. एक पेशी मेली की सुटलेले कण दुसरी गिळते, असे फ्रान्समधील संशोधकांनी 2018 मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दाखवले. काही कण काखेतल्या लसिका ग्रंथींपर्यंतही पोहोचतात. म्हणजे हात जितका भरेल तितकी शाई शरीरात कायमची मुक्कामाला येते.

म्हणून आराखडा संपूर्ण हाताचा एकदम काढावा, पण गोंदून घ्यावे टप्प्याटप्प्याने. पहिला तुकडा लहान ठेवून काही महिने थांबावे. ॲलर्जी किंवा वाढलेला, जाड व्रण (केलॉइड) उशिराही दिसतो आणि सावळ्या त्वचेत त्याचे प्रमाण अधिक असते. पूर्वी जखमेवर असा व्रण आलेल्यांनी या वाटेला जाऊच नये. रंगीत चित्रापेक्षा काळ्या-करड्या छटांचे डिझाइन बरे. ॲलर्जीच्या तक्रारी लाल रंगाने जास्त होतात. हिरवा, पिवळा लेझरनेही सहज निघत नाही. तीळ आणि जन्मखुणा झाकू नयेत; त्यांत होणारा बदल डॉक्टरांना दिसला पाहिजे. मधे मोकळी त्वचा सोडणारे डिझाइन त्यासाठी सोयीचे.

वेळही पाहावी. जखम वरवर भरायला दोन-तीन आठवडे लागतात. त्या काळात ऊसतोडणी, भीमा-घोडच्या पात्रात पोहणे, रांजणगाव किंवा कुरकुंभच्या कारखान्यात तेल-रसायनांशी संपर्क नको. जत्रेतल्या एकाच सुईने अनेकांना गोंदणाऱ्याकडे तर मुळीच जाऊ नये. त्यातून कावीळ बी, सी आणि एचआयव्हीचा धोका असतो. सुई आपल्यासमोर पाकिटातून काढलेली आणि शाई नव्या कपात ओतलेली हवी. मधुमेह असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. टॅटूनंतर वर्षभर रक्तदानही करता येत नाही.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा भरतीचा. दौंडमध्ये राज्य राखीव पोलिस दलाचे गट क्रमांक 5 आणि 7 आहेत. गणवेशाची ओढ या भागाला नवी नाही. पण सैन्यभरतीत सर्वसाधारण उमेदवाराला कोपर ते मनगट आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागेच कायमचा टॅटू चालतो. केंद्रीय सशस्त्र पोलिस दलांत तो डाव्या हाताच्या आतील बाजूला किंवा तळहाताच्या मागे आणि त्या भागाच्या एक चतुर्थांशापेक्षा लहान असावा लागतो. फुल स्लीव्ह यांपैकी कशातच बसत नाही. नंतर लेझरने काढायचे म्हटले, तर अनेक फेऱ्या, मोठा खर्च आणि आपल्या त्वचेवर पांढरे डाग राहण्याची भीती.

भरतीचे वय सरेपर्यंत बाही कोरी ठेवावी, हाच आमचा सल्ला. ज्यांना तो प्रश्न नाही, त्यांनीही आधी त्वचारोगतज्ज्ञांना हात दाखवावा आणि मगच टॅटूवाल्याकडे डिझाइनची वही मागावी.