वाळवंटातले सोनखत

इजिप्तमध्ये सुएझ कालव्यालगत इस्माइलिया नावाचे शहर आहे. शहराबाहेर पडले की वाळू, आणि पाऊस नावापुरताच. तरीही तेथे सेरापियमचे जंगल उभे आहे. सुमारे २०० हेक्टरांवर निलगिरी, सुरू आणि आफ्रिकन महोगनी वाढते आहे, तीही शहराच्या मैलापाण्यावर. आधी गाळ खाली बसवायचा, मग हवा खेळवून जिवाणूंना घाण खाऊ द्यायची आणि उरलेले पाणी नळ्यांनी थेट झाडांच्या बुडाशी सोडायचे. त्यात नत्र आणि स्फुरद असतेच, त्यामुळे वरून खत घालण्याची फारशी गरज उरत नाही. युरोपातल्या जंगलांपेक्षा येथील झाडे कैक पटींनी झपाट्याने वाढतात, असे जर्मन वनतज्ज्ञही सांगतात. अर्थात, त्यातला मोठा वाटा बारमाही उन्हाचा.

आपल्याला यात नवल वाटू नये. मराठीत मैल्याच्या खताचे नावच सोनखत. गांधीवादी कार्यकर्ते आप्पासाहेब पटवर्धनांनी कोकणात संडासांचा ध्यास घेतला, त्यामागे हेही सोने होते. आज मात्र शहराच्या मैलापाण्यातले नत्र काढून टाकण्यासाठी वीज जाळायची आणि त्याच शहराभोवतीच्या शेतकऱ्याने युरियाच्या गोणीसाठी रांग लावायची, असा आपला व्यवहार आहे.

पण सोन्यात खोटही असते. वाळवंटात पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात आणि ते धुऊन न्यायला पाऊस नसतो. इस्रायलमध्ये शुद्ध केलेल्या सांडपाण्यातला बोरॉन संत्र्या-लिंबांच्या बागांना बाधू लागला. तो येत होता कपडे धुण्याच्या पावडरीतून. सरकारने पावडरीतल्या बोरॉनवरच मर्यादा घातली. इलाज शेतात नव्हता, मोरीत होता! दुसरी खोट रोगजंतूंची. म्हणूनच इजिप्तने कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना हे पाणी देण्यास मनाई केली आहे. मुंबईत लोकलच्या खिडकीतून रुळांकडेची हिरवीगार पालेभाजी पाहणाऱ्याला ही मनाई का, ते वेगळे सांगायला नको. नाल्याचे कच्चे पाणी उपसणे म्हणजे पुनर्वापर नव्हे.

कोराडीच्या वीजकेंद्राला नागपूरचे शुद्ध केलेले सांडपाणी मिळते. तेव्हा हे आपल्याला जमत नाही, ही सबब चालणार नाही. महापालिकांनी कारखान्यांचे पाणी मैलावाहिनीत येऊ देऊ नये आणि शुद्ध केलेले पाणी नदीत सोडण्याआधी बांबू, निलगिरी आणि सागाला द्यावे. भाजीचा विचार त्यानंतर.