मागल्या बाकावरचे गडी

हॉकी म्हटलें कीं आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढें हिरवें मैदान आणि ध्यानचंदांची काठी उभी राहते. आज आम्ही लिहिणार आहों तें बर्फावरच्या हॉकीविषयीं. आपल्याकडे लडाखांत तळीं गोठलीं म्हणजे ती हौसेनें खेळतात. उत्तर अमेरिकेंत तिचे मोठमोठे धंदेवाईक संघ आहेत. पायांत धारदार पातीं लावलेले बूट, आणि चेंडूऐवजीं रबराची चपटी चकती. बर्फावर एका वेळीं एका बाजूचे सहाच गडी असतात, परंतु सामन्यासाठीं वीस जण सज्ज ठेवावे लागतात. कारण त्या वेगानें एका दमांत पाऊण मिनिटाहून फार अधिक खेळणें कोणाच्याहि छातीस झेपत नाहीं. म्हणून आघाडीच्या चार फळ्या आणि बचावाच्या तीन जोड्या आळीपाळीनें उतरतात. या खेळांत बाकावर बसलेला गडी उरलेला गडी नव्हे. त्याची पाळी ठरलेलीच असते.

असा संघ हरूं लागला म्हणजे लोक एकच ओरड करतात : एखादा मोठा गडी आणा! आमच्या मतें ही ओरड अर्धवट आहे.

नॅशनल हॉकी लीगमध्यें दुबळ्या संघांस नवे तरुण गडी निवडण्याचा मान पुढें मिळतो. एडमंटनच्या संघास २०१०, २०११ व २०१२ अशीं लागोपाठ तीन वर्षें पहिली निवड मिळाली, आणि २०१५ सालीं तर कॉनर मॅकडेव्हिडसारखें रत्न हातीं आलें. तरी २००६-०७ पासून २०१५-१६ पर्यंत सलग दहा हंगाम त्या संघास बाद फेरी दिसली नाहीं. पहिली फळी बर्फावर असे तोंवर ठीक. ती दम खाण्यास बसली कीं मागून येणारे कमी पडत. बरें, सगळेच नामांकित गडी विकत घ्यावे तर तीहि सोय नाहीं. २००५-०६ पासून प्रत्येक संघाच्या एकंदर पगारावर मर्यादा आहे. २०१८-१९ सालीं ती ७ कोटी ९५ लाख डॉलर होती. एकाच्या ताटांत अधिक वाढलें तर दुसऱ्याच्या ताटांत कमी पडणारच.

आतां सेंट लुईसच्या 'ब्लूज' संघाकडे पाहावें. १९६७ पासून खेळणाऱ्या या संघानें स्टॅनले चषक कधींच जिंकला नव्हता. २०१८ च्या नोव्हेंबरांत त्यानें शिक्षक बदलला, तरी ३ जानेवारी २०१९ च्या सकाळीं तो ३१ संघांत ३१ वा होता! चार दिवसांनीं जॉर्डन बिनिंग्टन यास प्रथमच आरंभापासून गोलांत उभें केलें. संघानें त्यास २०११ सालीं निवडलें होतें. मधलीं वर्षें बहुतेक दुय्यम संघांत गेलीं, आणि एक हंगाम तर तो बॉस्टनच्या दुय्यम संघाकडे उसना दिलेला होता. त्या पहिल्या सामन्यांत त्यानें एकहि गोल होऊं दिला नाहीं, आणि पुढें ३० पैकीं २४ सामने जिंकून दिले.

मोठा गडी आणलाच नाहीं, असें मात्र कोणीं म्हणूं नये. रायन ओरायली २०१८ च्या जुलैंत मोठी किंमत देऊन आणला होता, आणि बाद फेरीचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. पण त्याच उन्हाळ्यांत बोझॅक, पेरॉन आणि मरून हेहि आले, हें विसरलें जातें. त्यांतील पॅट मरून हा सेंट लुईसचाच रहिवासी; एका वर्षाच्या बेताच्या करारावर आलेला. डलासविरुद्धच्या सातव्या सामन्यांत दुसऱ्या जादा डावांतला निर्णायक गोल त्याचा. दहा वर्षें संघांत मुरलेला अलेक्झांडर स्टीन चौथ्या फळींत खेळला. आम्हांस त्या हंगामांतील हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. मागें बसण्यांत त्यानें अपमान मानला नाहीं. दोन महिन्यांत २६ सामने झाले, गडी जखमी झाले. झॅक सॅनफर्ड यास अंतिम मालिकेच्या पहिल्या दोन सामन्यांत जागा नव्हती. तिसऱ्यापासून तो उतरला, आणि १२ जून २०१९ रोजीं बॉस्टन येथें ४-१ असा जिंकलेल्या सातव्या सामन्यांत चौथा गोल त्यानें केला.

हें लिहितांना आम्हांस आमचीच एक चूक आठवते. एका वर्षीं आमच्या संघांतील एक मुलगा हंगामभर काठ्या आणि पाण्याची घागर वाहत होता. अखेरच्या सामन्यांत बचावपटूचा घोटा मुरगळला, तेव्हां आम्हीं त्यास पुढें ढकललें. त्याचे हात कांपत होते. सामना गेला, आणि आम्हीं सर्वांदेखत त्यास बोल लावला. वास्तविक त्या हंगामांत चार सामने सहज हातीं आले होते. त्यांपैकीं एकांतहि आम्हीं त्यास दहा मिनिटें खेळविलें नव्हतें. तो घरीं गेला तो पुन्हा मैदानावर आला नाहीं.

यंदा आम्हीं सोप्या सामन्यांच्या उत्तरार्धांत राखीव मुलें उतरविलीं. एक सामना त्यामुळें गेला, आणि "आमच्या मुलास बाहेर कां बसविलें?" असें विचारणारीं दोन पालकांचीं रागाचीं पत्रें आलीं. पत्रांस आम्हीं नम्र उत्तर पाठविलें आहे. पुढील वर्षींहि आम्ही हेंच करणार आहों.