विश्लेषण : सफारी पार्कमधला सिंह गाडीतून दिसतो, उरलेल्या अठरा तासांचे काय?

इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात लाँगलीट नावाची एक सरदारी इस्टेट आहे. एप्रिल १९६६ मध्ये तिथे एक उलटा प्रयोग सुरू झाला. माणसे मोकळी आणि प्राणी पिंजऱ्यात, हा प्राणिसंग्रहालयाचा नेहमीचा क्रम. इथे माणसे स्वतःच्या मोटारीत काचा बंद करून बसली आणि सिंह मोकळे फिरू लागले. आफ्रिकेबाहेरचे हे पहिले ‘ड्राइव्ह-थ्रू’ सफारी पार्क मानले जाते. २०२६ मध्ये त्याला साठ वर्षे होत आहेत. या काळात अशा पार्कांमध्ये बरेच काही बदलले, मात्र त्यातले महत्त्वाचे बदल गाडीच्या काचेतून दिसत नाहीत.

इस्टेटीवर सिंह आले कसे?

कारण आर्थिक होते. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमधील जमीनदार घराण्यांवर वारसा कराचा मोठा बोजा पडला. लाँगलीटचे मालक, बाथचे सहावे मार्क्वेस हेन्री थिन यांनी १९४९ मध्येच आपला वाडा तिकीट लावून लोकांना खुला केला होता. पुढे सर्कसवाल्या घराण्यातील जिमी चिपरफील्ड यांनी सिंहांची कल्पना त्यांच्यापुढे मांडली. वृत्तपत्रांतून विरोध झाला, भीती व्यक्त झाली, पण गर्दीही झाली. मग वोबर्न (१९७०), नोजली (१९७१), वेस्ट मिडलँड (१९७३) अशी रांग लागली. फ्लोरिडात १९६७ मध्ये आणि कॅनडाच्या ओंटारियोत १९६९ मध्ये असेच पार्क निघाले.

थोडक्यात, या प्रकाराचा जन्म संवर्धनातून नव्हे, तर इस्टेटीचे छप्पर वाचवण्याच्या गरजेतून आणि सर्कशीच्या अनुभवातून झाला. यात लाज वाटावी असे काही नाही, पण हे लक्षात ठेवायला हवे, कारण पुढच्या बहुतेक अडचणींचे मूळ तिथे आहे. धंदा बसला तर प्राण्यांचे काय, हा प्रश्नही त्यातच आला. विंडसरचे सफारी पार्क १९९२ मध्ये बंद पडले. प्राणी इतरत्र हलवावे लागले आणि १९९६ मध्ये त्याच जागेवर लेगोलँड उभे राहिले. हत्ती साठ वर्षे जगू शकतो. कंपनीच्या ताळेबंदाला एवढे आयुष्य असेलच असे नाही.

दोन फाटकांचे गणित

सिंहांच्या विभागात शिरताना गाडी आधी पहिल्या फाटकातून आत घेतली जाते. ते बंद झाल्याशिवाय पुढचे फाटक उघडत नाही. एकाच वेळी दोन्ही उघडी राहणार नाहीत, अशी ही साधी रचना आहे. आत कर्मचाऱ्यांच्या गस्तीच्या गाड्या सतत फिरत असतात. गाडी बंद पडली तर उतरायचे नाही, हॉर्न वाजवून थांबायचे. हरणे, झेब्रे यांच्या विभागांत रस्त्यावर लोखंडी दांड्यांची जाळी असते, तिच्यावरून खूर असलेले प्राणी पाय टाकत नाहीत.

ही व्यवस्था जिथे मोडली, तिथे बहुतेक वेळा माणूस आणि गाडीच कारणीभूत ठरली. १९९६ मध्ये ओंटारियोच्या पार्कमध्ये गाडीची काच चुकून खाली गेली आणि वाघाने आतल्या जोडप्याला जखमी केले. न्यायालयाने पुढे पार्कलाच जबाबदार धरून मोठी भरपाई द्यायला लावली. २०१५ मध्ये जोहान्सबर्गजवळच्या पार्कमध्ये उघड्या काचेतून सिंहिणीने एका पर्यटक महिलेचा जीव घेतला. २०१६ मध्ये बीजिंगजवळच्या बादालिंगमध्ये एक महिला वाघांच्या विभागात गाडीतून उतरली. तिला वाचवायला धावलेली तिची आई मारली गेली. स्वतःची गाडी आत नेण्याची मुभा म्हणजे सुरक्षेच्या साखळीतली एक कडी दर मिनिटाला नव्या, अप्रशिक्षित माणसाच्या हाती देणे होय.

माकडांच्या विभागातला धोका उलट्या बाजूचा आहे. वायपरचे रबर, अँटेना, दाराच्या कडेच्या पट्ट्या उपटण्यात माकडांना भारी रस. पर्यटकांना ती गंमत वाटते. गाडीला जपणाऱ्यांसाठी काही पार्कांनी वेगळा वळणरस्ता ठेवला आहे. पशुवैद्यकाला मात्र माकडाच्या पोटात गेलेल्या रबराची आणि प्लॅस्टिकची चिंता असते.

प्राण्याचा दिवस नेमका कुठे जातो?

समजा, पार्क सकाळी दहाला उघडते आणि हिवाळ्यात दुपारी चारला शेवटची गाडी बाहेर पडते. रात्री सिंह मोकळ्या जागेत सोडायचे नसतील, तर ते रात्रनिवाऱ्यात जाणार. म्हणजे सहा तास बाहेर आणि अठरा तास आत. पर्यटकांच्या छायाचित्रांत हे सहा तास येतात. प्राण्याच्या आयुष्याचा तीन चतुर्थांश भाग त्यांच्या बाहेर राहतो.

हा नुसता कागदावरचा हिशेब नाही. २०१० मध्ये वोबर्न सफारी पार्कच्या सरकारी तपासणीचा अहवाल माध्यमांत आला. हिवाळ्यात तिथले सिंह दिवसाचे अठरा तास दाटीवाटीच्या निवाऱ्यात बंद असतात, असा ठपका त्यात होता. बाहेर एकरच्या एकर मोकळी जमीन होती, पण ती सिंहांच्या वाट्याला येत होती पर्यटकांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या वेळापत्रकानुसार. टीकेनंतर नव्या निवाऱ्यांचे काम हाती घेण्यात आले.

रात्रनिवारा म्हणजे केवळ कोंडवाडा, असेही समजू नये. काळजीचे खरे काम तिथेच होते. मोठ्या मैदानात पसरलेल्या कळपात कोण लंगडतो, कोण खात नाही, कोणाचे वजन घटते आहे, हे गाडीतून कळत नाही. संध्याकाळी हाक मारून प्राणी आत घेतले की प्रत्येकाला वेगळे खायला देता येते, जखम पाहता येते, वजन करता येते. जुन्या काळी रक्त तपासायचे तर प्राण्याला बेशुद्ध करावे लागे. आता अनेक ठिकाणी खाऊच्या बदल्यात शिकवले जाते. सिंह जाळीला अंग टेकवून बसतो, शेपटीतून रक्त घेऊ देतो. जिराफ खूर तासण्यासाठी पाय पुढे करतो. यात कसरत नाही आणि जबरदस्तीही नाही. प्राण्याला नको असेल तर तो उठून जातो, त्या दिवशी काम होत नाही. सर्कशीतल्या प्रशिक्षणापेक्षा यात मोठा फरक आहे तो हाच.

जिराफाचे उदाहरण वेगळे. ब्रिटनच्या थंडीत बर्फावर त्याचा पाय घसरला तर लांब पायांमुळे तो सहज उठू शकत नाही, दुखापत जिवावर बेतते. त्यामुळे गोठणाऱ्या दिवसांत त्याला आतच ठेवावे लागते. तो मुळात झाडपाला खाणारा प्राणी, म्हणून हिवाळ्यासाठी लसूणघास आणि फांद्यांची सोय आधीच करावी लागते. जिराफघर किती मोठे, किती उबदार, जमिनीवर काय अंथरले आहे, यावर त्याचा हिवाळा ठरतो. हे घर पर्यटकांच्या नकाशावर अनेकदा नसतेच.

आणि रात्रीचा निवारा सुरक्षित हवा. २ जानेवारी २०२० रोजी वोबर्नमध्येच पाटास माकडांच्या घराला आग लागली, तेरा माकडे मेली.

सहा सिंह का मारले गेले?

लाँगलीटवर सर्वांत मोठी टीका २०१४ मध्ये झाली. पार्कने सहा सिंहांना मारल्याचे उघड झाले. एक नर, एक मादी आणि चार बछडे. पिलांची संख्या वाढल्याने कळपात हिंसा वाढली, नर हल्ल्यात गंभीर जखमी झाला होता आणि काही प्राण्यांत आनुवंशिक दोषाचा धोका होता, असे पार्कचे म्हणणे होते. त्याच सुमारास कोपनहेगनच्या प्राणिसंग्रहालयाने मारियस हा निरोगी जिराफ मारल्याने जगभर संताप होता.

पार्कने दिलेली कारणे खोटी नसतीलही. पण मूळ प्रश्न त्याआधीचा आहे. एवढी पिले झालीच कशी? सिंहिणीचा गर्भकाळ साधारण ११० दिवसांचा. एका वेळी दोन ते चार पिले. जंगलात तरुण नर दोन-तीन वर्षांचे झाले की कळपाबाहेर ढकलले जातात, अनेक पिले मरतात, उरलेले दूर जातात. कुंपणात दूर जायला जागाच नसते. जंगलाचा हा हिशेब पार्कने माणसाच्या निर्णयाने भरून काढावा लागतो. तोही पिले जन्मण्याआधी, नंतर नव्हे.

उपाय आहेत. मादीच्या कातडीखाली संप्रेरकाची छोटी कांडी बसवून काही काळ गर्भधारणा रोखता येते. हेच औषध नराला दिले तर त्याची आयाळ गळते, कारण आयाळ टेस्टोस्टेरॉनवर अवलंबून असते. आयाळ नसलेला सिंह पर्यटकांना चालत नाही, त्यामुळे नरांसाठी नसबंदीचा मार्ग बरा. किंवा नर-मादी वेगळे ठेवायचे. या सगळ्याला जागा, पैसा आणि मुख्य म्हणजे गोंडस बछड्यांच्या जाहिरातीचा मोह सोडण्याची तयारी लागते. युरोपातील प्राणिसंग्रहालये आता सामायिक प्रजनन कार्यक्रमातून कोणत्या जोडीने पिले द्यायची ते ठरवतात.

भारताने हा धडा वेगळ्या रीतीने घेतला. चंडीगडजवळच्या छतबीर प्राणिसंग्रहालयातील सफारीत आशियाई सिंहांचा सर्कशीतून आलेल्या आफ्रिकी सिंहांशी संकर झाला. पुढच्या पिढ्या रोगांना बळी पडू लागल्या, तेव्हा प्रजननच थांबवावे लागले. उरलेले प्राणी म्हातारे होऊन जाईपर्यंत सांभाळण्यात आले. दिसायला तो कळप सफारीचा होता, संवर्धनाच्या दृष्टीने त्याचा उपयोग शून्य होता.

ॲनचे म्हातारपण

सर्कशीतून आलेल्या माणसाने उभारलेल्या पार्कमध्ये २०११ मध्ये सर्कशीतली हत्तीण निवृत्त होऊन आली. ब्रिटनच्या सर्कशीतली ती शेवटची हत्तीण मानली जाते. नाव ॲन, वय साठीच्या आसपास, सांधे आखडलेले. तिला मारहाण होत असल्याचे छुपे चित्रीकरण प्राणिहक्क संघटनेने प्रसिद्ध केले होते. २०१२ मध्ये न्यायालयाने सर्कसमालकाला दोषी ठरवले.

लाँगलीटने तिला जागा दिली, पण हत्ती कळपात जगणारा प्राणी आणि ॲन एकटी. तिच्यासाठी इतर हत्ती आणावेत, असा आग्रह अनेकांनी धरला. मात्र आयुष्याचा मोठा भाग माणसांत घालवलेली, दुखऱ्या पायांची म्हातारी हत्तीण नव्या कळपात टिकेल का, ही भीती होती. शेवटी तिला सोबत मिळाली ती शेळ्यांची. कोणते उत्तर बरोबर, हे ठामपणे सांगणे कठीण. साठ वर्षांपूर्वी मात्र असा वाद झालाही नसता. हत्ती दिसला की झाले, एवढीच अपेक्षा होती.

नियम काय सांगतात?

ब्रिटनमध्ये १९८१च्या कायद्याने प्राणिसंग्रहालयांना परवाना आणि तपासणी सक्तीची झाली. लाँगलीट तेव्हा पंधरा वर्षांचे होते. इंग्लंडमध्ये सर्कशीतील वन्यप्राण्यांवर बंदी आली ती २०२० मध्ये. मे २०२५ मध्ये सरकारने प्राणिसंग्रहालयांसाठी दशकाहून अधिक काळानंतर नवी मानके जाहीर केली, ती मे २०२७ पासून लागू होतील. हत्तींसाठी आजच्यापेक्षा बरीच मोठी जागा, शिकारी पक्ष्यांना दोरीने बांधून ठेवण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने बंद, माशांना आणि ऑक्टोपससारख्या प्राण्यांना हात लावण्याचे हौद बंद, असे त्यात आहे. सफारी पार्कांना जागेची अडचण शहरी प्राणिसंग्रहालयांपेक्षा कमी. त्यांची खरी परीक्षा निवाऱ्यांवर होईल.

महाराष्ट्रात काय स्थिती?

राज्यातल्या सफारींत स्वतःची गाडी नेता येत नाही. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात सिंह आणि वाघांची सफारी जाळी बसवलेल्या बसमधून होते. नागपूरच्या गोरेवाडा प्राणिसंग्रहालयातील भारतीय सफारी २६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाली, तीही बसनेच. हा निर्णय शहाणपणाचाच आहे. प्रशिक्षित चालक, ठरलेल्या फेऱ्या, काच खाली करणारा हात नाही. बोरिवलीत २०२२ मध्ये जुनागढच्या सक्करबागेतून आशियाई सिंहांची जोडी वाघांच्या बदल्यात आणली गेली, म्हणजे वंशाची शुद्धताही पाहिली गेली. देशातील प्राणिसंग्रहालयांवर केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची देखरेख १९९२ पासून आहे.

तरीही इथला प्रश्न लाँगलीटपेक्षा वेगळा नाही. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. भोपाळच्या प्रयोगशाळेने केलेल्या तपासणीत एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लूचा संसर्ग आढळला. मानव-वन्यजीव संघर्षानंतर चंद्रपूर भागातून आणलेले हे प्राणी सफारीच्या बसमधून दिसणारे नव्हते. संशय खाद्यातल्या कोंबडीच्या मांसावर घेतला गेला. मांजरकुळातील प्राण्यांना हा विषाणू कच्च्या मांसातून होऊ शकतो, हे याआधी आशियातील प्राणिसंग्रहालयांत दिसलेले होते.

म्हणजे मांस कोणत्या कत्तलखान्यातून येते, वाहतूक थंड राहते का, साथीच्या काळात कोंबडी बंद करून म्हशीचे मांस देता येते का, नव्याने आलेला प्राणी किती दिवस वेगळा ठेवला जातो आणि त्याची राखण करणारा कर्मचारी दुसऱ्या पिंजऱ्यात जाताना बूट बदलतो का, या गोष्टी वाघाच्या जिवाशी जोडलेल्या आहेत. राज्यात नव्या सफारींच्या घोषणा होतात तेव्हा क्षेत्रफळ, बसची संख्या आणि तिकिटाचे दर यांचे आकडे दिले जातात. रात्रनिवारे किती, विलगीकरणाची जागा किती, पूर्णवेळ पशुवैद्यक किती, हे आकडेही त्याच घोषणेत मागायला हवेत, आणि ते न मिळाल्यास पहिली बस सुटू देऊ नये.